जोंगाची चार चाकं

आमच्या काकाजींच्या घरी पाहुण्याला चहा मिळणार की नाही, हे तो फाटकातून आत येताना काय बोलतो यावर ठरतं. "वा, जीप छान ठेवलीय," असं कोणी म्हणालं की काकाजी त्याला बसवतात, पंखा लावतात, घरच्या सगळ्यांची प्रकृती विचारतात आणि चहाचं नाव काढत नाहीत. माणूस कोरड्या घशानं निघून जातो. आपण कोणता गुन्हा केला, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

गुन्हा हा, की ती जीप नाही. ती जोंगा आहे. फौजेची, रुंद छातीची, चालू केली की सिविल लाइंसमधली कुत्री उठून बसतील अशा आवाजाची. काकाजी नहर महकम्यातून, म्हणजे पाटबंधारे खात्यातून, निवृत्त झाले तेव्हा बबिन्याच्या छावणीत फौजेच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होता, त्यात त्यांनी ती घेतली. बाकीचे लोक निवृत्त झाल्यावर ज्ञानेश्वरी घेतात. "हिला जीप म्हणणं म्हणजे सुभेदाराला चपराशी म्हणणं," काकाजी म्हणतात. "अंधेर आहे. शुद्ध अंधेर."

'अंधेर' हे त्यांचं पालुपद. लिंबं महाग झाली, अंधेर. दूधवाला 'भैयासाहब' सोडून 'अंकलजी' म्हणाला, अंधेर. मला चाळिशीचा चष्मा लागला तोसुद्धा अंधेर, कारण आमच्या खानदानात म्हणे साठीच्या आत कोणाला लागलेला नाही. आमचं खानदान म्हणजे सुभ्याची कारकुनी करायला कोकणातून इकडे आलेलं आणि परत जायचं विसरलेलं. इतक्या पिढ्या बुंदेलखंडात काढून आमच्याकडे उरलंय काय, तर अळूचं फदफदं, आरत्या आणि काकाजींचा संताप. त्यातला संताप तेवढा अस्सल राहिला आहे.

काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांचा मुलगा कॅनडात, त्यामुळे पुतण्या म्हणून पदरी पडलेला मीच. मी विमा कंपनीत कारकून. गाडीतलं मला इतकंच कळतं, की ती चालत नसली तर उतरून ढकलायची असते.

तर एका वर्षी जोंगाची चाकं गेली. टायर जिथे बसतो ती लोखंडी कड गंजून पापडासारखी झाली होती, हात लावला की तुकडा हातात. गाडी विटांवर चढली. काकाजी शेजारी वेताच्या मोड्यावर बसून तिच्याकडे पाहू लागले, आयसीयूबाहेर बसल्यासारखे. आणि नागपंचमी तोंडावर आलेली.

नागपंचमीचं महत्त्व सांगायला हवं. लेकीला सासरहून माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. बहुतेक भाऊ असतो. काकूचं माहेर समथरचं. तिचा भाऊ नाना गुडघ्यांनी अधू झाला तेव्हापासून हे काम काकाजींनी आपल्याकडे घेतलं. नवराच मुराळी, हे अख्ख्या झाशीत फक्त आमच्याकडे. नागपंचमीच्या आदल्या दिवशी डोक्यावर काळी टोपी घालून काकाजी काकूला जोंगात बसवत, घराला कुलूप लावत आणि दोघं चार दिवस माहेरी जात. जोंगा घेतल्यापासून एक वर्ष चुकलं नव्हतं.

"माझी गाडी न्या की," मी म्हणालो.

"त्या साबणाच्या डबीतून? माहेरवाशीण गुडघे छातीला लावून जाणार?"

"मग टॅक्सी करू."

"टॅक्सीनं मुराळी जातो कधी? वकील जातात टॅक्सीनं." आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्या दिवशी चहा मलाही मिळाला नाही.

मग सुरू झाला चाकांचा शोध. म्हणजे शोध काकाजींचा, आणि साबणाच्या डबीतलं पेट्रोल माझं. जोंगा बनणं बंद होऊन जमाना झालेला. जिपेची चाकं ढिगानं मिळतात, पण तिच्या नटांची भोकं जोंगाला जुळत नाहीत. झाशीच्या बाजारातल्या दुकानदारानं फोटो पाहिला आणि म्हणाला, "अंकलजी, अलॉय डलवा लो. लुक आ जाएगा."

"लुक?" काकाजींचा आवाज चढला. "मैं बारात में जा रहा हूँ क्या? लोहे के चक्के चाहिए, लोहे के."

"तो आपकी जीप के लिए..."

मी काकाजींना दंडाला धरून बाहेर आणलं.

दिल्लीच्या एका माणसाला फोन केला. तो हवी तशी चाकं बनवून देत होता, अगदी भोकांसकट. काकाजी हरखून गेले. मग त्यानं भाव सांगितला. काकाजींनी मोबाईल कानापासून लांब धरला, जणू तो भाजत होता. "एवढ्यात मला अख्खी गाडी मिळाली होती," ते मला म्हणाले, "आणि वर एक ताडपत्री." त्यानंतर आठवडाभर आमच्या घरी दिल्ली हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. बातम्या लागल्या तरी ते उठून अंगणात जात.

शेवटी कोणीतरी मोठ गावच्या हरप्रसादचं नाव सांगितलं. कानपूर रस्त्यावर त्याचं वर्कशॉप. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो, बैलगाडीला टायरची चाकं बसवून देतो. आम्ही जोंगाचं एक गंजलेलं चाक आणि मागच्या दारावरची स्टेपनी डिकीत घालून निघालो. स्टेपनी लिलावात गाडीबरोबर आलेली, कोरी करकरीत. ती कधी वापरलीच नव्हती. पंक्चर झालं की काकाजी तेच चाक काढून रिक्षात घालून दुकानात नेत. "स्टेपनी संकटासाठी असते," ते म्हणायचे. "पंक्चर हे संकट नव्हे."

हरप्रसादनं गंजलेलं चाक उलटंपालटं करून पाहिलं. "दाऊ, बीच तौ पक्को है. किनारो भर सड़ गओ. बीच को रन दो, किनारो नओ डार दैहें."

म्हणजे मधली तबकडी जुनी ठेवायची आणि भोवतीची कड तेवढी नवी. मला पटलं, आणि मला पटलं हे पाहूनच काकाजी बिथरले असावेत.

"थिगरा?" ते गरजले. "मेरी गाड़ी में थिगरा लगेगा? नए बनाओ. चारों नए. ये रहा नमूना." आणि स्टेपनी त्याच्यापुढे ठेवली.

हरप्रसाद स्टेपनीकडे बघत राहिला. "जौ चका गाड़ी पै चढ़ा कें देख लओ है न, दाऊ?"

झालं. नहर महकम्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला एक ट्रॉलीवाला विचारतो, की चाक गाडीला चढवून पाहिलंय ना, म्हणजे स्वतःच्या गाडीचं चाक ओळखतोस का. काकाजींनी त्याला जोंगाचा इतिहास, फौजेचा इतिहास आणि थोडा झाशीचाही इतिहास ऐकवला. हरप्रसादनं शांतपणे गुटख्याची पुडी फाडली आणि "हओ" म्हणाला, म्हणजे बरं.

परतताना मी सहज म्हणालो, "समथर इथून जवळच. नानामामांना भेटून जाऊ या का? काकू खूश होईल."

"कामाला आलोय, भेटीगाठीला नाही," काकाजी खेकसले, आणि झाशीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

चाकं आली. चारही ट्रॉलीसारखी लालभडक, कारण हरप्रसादकडे दुसरा रंग नव्हता. काकाजींनी रंगाचा अंधेर गिळला. त्यांनी नारळ फोडला, चाकाला कुंकू लावलं, मी घामाघूम होऊन पहिलं चाक उचलून लावलं आणि ते बसेना. भोकं आणि बोल्ट यांची एकमेकांशी ओळखच नव्हती. दुसरं लावलं. तेही तसंच.

"बदमाश," काकाजी म्हणाले. "नाप चुकवलं. आता त्याला..." आणि हरप्रसादला खोटं पाडण्यासाठी त्यांनी स्वतः स्टेपनी उचलली, बोल्टांवर ठेवली.

तीही बसली नाही.

काकाजींनी ती फिरवून पाहिली. पुसून पाहिली. चष्मा लावून पाहिली. लिलावात कोण्या महाभागानं मागे जिपेचं चाक अडकवून दिलं होतं, आणि जीप शब्दावरून झाशीतल्या निम्म्या लोकांचा चहा तोडणारे आमचे काकाजी इतकी वर्षं जिपेचं चाक पाठीवर मिरवत होते. मला हसू इतकं दाटून आलं, की मी बोनेटच्या पलीकडे जाऊन पायाची चप्पल नीट करत बसलो.

काकाजी अंधेर म्हणाले नाहीत. संध्याकाळी काकूनं त्यांच्यापुढे कप ठेवला, तो त्यांनी सरकवून दिला.

"नाही जमणार यंदा," ते काकूला म्हणाले. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

काकू तांदूळ निवडत होती. "तुमच्या पायजम्याचा नेफा फाटला की मी काय करते?"

"काय करतेस?"

"नेफा बदलते. पायजमा नवा शिवते का? जुन्या चाकांचं मधलं धड आहे, या लाल चाकांच्या कडा नव्या आहेत. लावा एकत्र."

हेच हरप्रसादनं सांगितलं होतं. पण तेव्हा ते थिगळ होतं, आता तो नेफा झाला. दुसऱ्याच दिवशी आम्ही सगळी चाकं घेऊन मोठला. हरप्रसादनं ढीग पाहिला, मग काकाजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "थिगरा डारनें है न, दाऊ?" काकाजी घसा खाकरून म्हणाले, "हओ." आयुष्यात पहिल्यांदा बुंदेलीत, आणि एकाच शब्दात.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी जोंगा विटांवरून उतरली. मध्ये काळी, कडेला लाल, तमाशातल्या पैलवानासारखी. काळी टोपी घालून काकाजी स्टिअरिंगवर बसले. काकू पिशवी घेऊन शेजारी. "तूही चल, मुकुंद," ते मला म्हणाले. "चाक निखळलं तर पाठीमागे पळायला माणूस हवा."

मी मागच्या बाकावर बसलो. कुलूप लागलं. जोंगा फाटकाबाहेर पडली, कानपूरच्या रस्त्याला लागली, आणि चाकं धरून आहेत असं वाटतंय तोवर काकाजींनी ती एकदम उजवीकडे नाल्यात घातली.

"काकाजी, समथर सरळ आहे," मी ओरडलो.

काकाजींनी गिअर बदलला. श्रावणातला चिखल, नाल्याचं पाणी, बाभळी, रानटी घाणेरीची झुडपं. माझी साबणाची डबी तिथे बुडाली असती आणि टॅक्सीवाला शिव्या देत परतला असता. जोंगा गुरगुरत, घसरत, चढत गेली आणि एका गंजक्या फाटकापाशी थांबली. आत कडुनिंबाला झोका बांधलेला. त्यामागे दोन लहान खोल्या, आणि खोल्यांमागे एक पाण्याची टाकी, जिच्यावर पुढच्या अंगणात मी कित्येकदा डोकं आपटून घेतलं आहे.

आम्ही काकाजींच्याच घराच्या मागच्या बाजूला आलो होतो.

काकाजी उतरले, फाटक उघडलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाना मुलाकडे गेला नोएडाला. घर विकलं. आता सहा वर्षं झाली, तेव्हापासून हिचं माहेर इथेच." मग चाकाला पायानं चाचपत, "फोन करतो तो. पण माहेरपण फोनवर होतं का? भाऊ राहिला नाही गावात, म्हणून बाईचं माहेरच बंद? हा काय न्याय झाला?"

त्यांचा चेहरा रागानं लाल झाला होता. तो राग इतका खरा होता, की मला खाली बघावं लागलं.

ते वळून काकूच्या बाजूला गेले आणि तिला उतरायला हात दिला. घरात ते तिला 'ऐकलंस का' म्हणतात. लग्नात ठेवलेलं शारदा हे नावसुद्धा मी त्यांच्या तोंडून फारसं ऐकलेलं नाही.

"ये, कुसुम," ते म्हणाले. "दमलीस का गं प्रवासानं?"

"थोडी," काकू म्हणाली. "रस्ता फार खराब झालाय."

तिनं पिशवी त्यांच्या हातात दिली आणि ओसरीवरच्या बाजेवर जाऊन बसली. मी आत जाऊन पाणी आणू लागलो, तर काकाजींनी अडवलं. "तू सासरचा माणूस. लेकीला पोचवलंस, आता निघायचं. माहेरी सासरची माणसं रेंगाळत नसतात." आणि पुरणाची दिंडं करायला आत गेले. दिंडं म्हणजे पुरण भरलेल्या, उकडलेल्या चौकोनी घड्या. काकाजींना साधी पोळी वाटोळी लाटता येत नाही.

मी चिखलातून वाट काढत फाटकाशी पोचलो, तेवढ्यात आतून पातेलं पडल्याचा मोठा आवाज आला. सगळ्यांची जेवणं झाल्याशिवाय जिला मी कधी टेकलेलं पाहिलं नाही, ती आमची काकू दचकून उठायला म्हणून अर्धी पुढे झाली. मग तिनं दोन्ही पाय बाजेवर वर घेतले, भिंतीला पाठ टेकली, आणि झोक्याकडे बघत बसून राहिली.