वासावरून मीठ ओळखण्याबाबत

जेवण ही मुळातच धोकादायक क्रिया आहे, कारण ती करताना तोंड उघडावं लागतं. मानवजातीनं हजारो वर्षं या बाबीकडे काणाडोळा केला. महामारीच्या साली मात्र ही गोष्ट कागदावर आली. सात महिने बंद राहिलेली हॉटेलं उघडायची वेळ आली, तेव्हा आमच्या भागात ‘सुरक्षित भोजनगृह पुनरारंभ समिती’ स्थापन झाली. सभासद नऊ. अध्यक्ष गंगाधरराव, निवृत्त अधिकारी, मुक्काम भोर. (कुठल्या खात्यातून निवृत्त झाले, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.) सचिव मी.

ही समिती नेमली कुणी, असं काही नतद्रष्ट लोक अजून विचारतात. आम्हीच नेमली. समितीच्या दाखल्याशिवाय कुणी चूल पेटवू नये, असं ठरलं होतं. तेही आम्हीच ठरवलं. एकदा शिक्का करून घेतला, की पुढचे प्रश्न लोक आपोआप विचारत नाहीत, हा माझा तीस वर्षांचा कारकुनीचा अनुभव आहे.

पहिलं प्रकरण आलं ते किकवीच्या ठकुबाईंच्या खानावळीचं. हायवेच्या कडेला पत्र्याची शेड, सहा बाकडी, दोन चुली. रांधणाऱ्या ठकुबाई, वय बासष्ट. भाकऱ्या थापायला सून, मंगल. साताऱ्याकडून येणारे ट्रकवाले पोटातली भूक किकवीपर्यंत दाबून आणायचे, ती या बाईंच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यासाठी. आता हे सगळं ऐकीव झालं. समितीला ऐकीव पुरावा चालत नाही.

“खानावळ नाही उघडली तर अडचण काय?” असं मी रीतसर विचारलं. फॉर्मात तसा रकाना होता.

“आडचण?” ठकुबाई म्हणाल्या. “सायेब, सात म्हैनं झालं, घरच्या तिघांपुरतं रांधतीया. आता येवढुसा रस्सा मला करायलाच येत न्हाई. हात असून नसल्यावानी झालंय बगा. कवा उघडू तेवडं सांगा.”

रकाना लहान असल्यामुळे मी ‘अडचण नाही’ असं लिहिलं.

अटी एकूण त्रेचाळीस होत्या. बाकड्यांवर एकाआड एक जागी खडूनं फुली मारायची, ही अट सात. (पहिल्याच तालमीत गावकरी नेमके फुल्यांवर जाऊन बसले. मतपत्रिकेवर फुली मारूनच आयुष्य गेलेलं. जिथं फुली तो आपला.) ताप मोजायची बंदूक, अट अकरा. ती मंदारकडे होती. मंदार हा अध्यक्षांचा भाचा आणि समितीचा वैद्यकीय विभाग. बंदुकीनं ठकुबाईंचा ताप एकतीस अंश दाखवला, मंगलचा तीस, आणि शेडच्या लोखंडी खांबाचा सदतीस. शास्त्राप्रमाणे दोन्ही बायका मयत होत्या आणि खांबाची प्रकृती उत्तम होती. तशी नोंद घेतली.

आता मुख्य पेच. खानावळ चालू असताना पाहिल्याशिवाय दाखला देता येत नाही, आणि दाखल्याशिवाय खानावळ चालू करता येत नाही. असल्या पेचात सामान्य माणूस हात टेकतो. गंगाधररावांनी एका मिनिटात तोड काढली. खानावळ फक्त समितीपुरती चालू करायची, आणि समितीनं ती जेवून पाहायची.

पाहणी एका दिवसात उरकणारी नव्हती. वरण-भाताच्या दिवशी सुरक्षित असलेली खानावळ कोंबडीच्या दिवशी सुरक्षित असेलच, असं कुठलं शास्त्र सांगतं? शिवाय भाटघर धरणातल्या माशांचा वार वेगळा. अशा बावीस पाहण्या झाल्या. नऊ सभासद, बावीस दिवस, एकशे अठ्ठ्याण्णव थाळ्या. भाकऱ्या सहाशे बारा. (अध्यक्षांच्या धरलेल्या नाहीत.) नऊही जण एकाच बाकड्यावर खांद्याला खांदा लावून बसायचे, कारण अंतराची अट गिऱ्हाइकांना होती आणि आम्ही गिऱ्हाईक नव्हतो. मास्क काढलेले असायचे, कारण जेवत होतो. हायवेच्या वाऱ्यानं कागद उडायचे, म्हणून शेडच्या खिडक्यांना ताडपत्री लावून घेतली. सुरक्षिततेवर इतक्या जवळून, इतक्या बंद जागेत, इतकी मनमोकळी चर्चा या तालुक्यात पूर्वी झाली नसेल.

घोडं अडलं ते अट सतरा आणि अठरावर. सतरा : रांधणाऱ्या व्यक्तीनं दोन मास्क आणि वर प्लास्टिकची काच लावावी. अठरा : रांधताना अन्नाची चव घेऊ नये.

“चव म्या जन्मात घेतली न्हाई,” ठकुबाई म्हणाल्या. “पयला घास देवाला दावल्याबिगर हितं कुनी तोंड लावत न्हाई. चाखलं की उष्टं झालं की वो!”

“मग मीठ बरोबर पडलंय हे कळतं कसं?” गंगाधररावांनी विचारलं.

“वासावरनं. वाफंवर नाक धरलं की कळतं. आळणी रश्श्याचा वास कच्चा येतो, खारटाचा नाकाला टोचतो. माज्या सासूनं शिकवलंय. पर ह्या तीन पडद्यांतनं काय कळायचं, कपाळ? नाकच बांदून टाकलंया तुमी.”

आणि खरोखरच, रस्सा उकळीला आला की या बाई काच वर करायच्या, दोन्ही मास्क हनुवटीखाली ओढायच्या, डोळे मिटायच्या आणि पातेल्यावर वाकून एक लांब श्वास घ्यायच्या. मग चिमूटभर मीठ टाकायच्या, किंवा नाही टाकायच्या. रस्सा दररोज तंतोतंत जमायचा. आमच्या इतिवृत्तात हा गुन्हा ‘अन्नावर नाक आणणे’ या मथळ्याखाली सलग अकरा वेळा नोंदलेला आहे. बाराव्या दिवशी प्रकरण दाखला नाकारण्यापर्यंत गेलं. तशी मंगल पदर खोचून पुढं आली.

“दादा, तुमी नऊजन हितं येकाच ताटात जेवल्यागत बसताय, त्ये चालतंय व्हय? आन् आत्याबाईंचं नाक तेवडं दिसतंय तुमास्नी?”

प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्यामुळे उत्तर दिलं नाही.

पण समिती माणुसकी सोडणारी नव्हती. (माशांचा वार दोन दिवसांवर आला होता.) गंगाधररावांनी खास सवलत दिली. ठकुबाईंना दिवसातून एकदा, अकरा सेकंद, नाक उघडं ठेवायची परवानगी. सेकंद मोजायला एक जबाबदार सभासद पातेल्याशेजारी उभा राहील. मोजणी मोठ्यानं करावी, म्हणजे वाद होणार नाही. मास्कमधून आकडे नीट ऐकू येत नाहीत, सबब मोजणाऱ्यानं मास्क काढून मोजावं.

हे जोखमीचं काम माझ्यावर आलं. पुढचे दहा दिवस मी ठकुबाईंच्या कानाशी उभा राहून खणखणीत आवाजात एक ते अकरा मोजले. त्या बाई श्वास आत घ्यायच्या, मी आकडे बाहेर सोडायचो. शेवटचे चार दिवस मला जरा शिंका येत होत्या. ती हवापालटाची सर्दी होती. तशी नोंद मी स्वतःच केली आहे.

तेविसाव्या दिवशी ठकुबाईंना ताप भरला. मंदारच्या बंदुकीनं बत्तीस दाखवला, म्हणजे प्रकृतीत सुधारणा होती. पण बाई उभ्या राहीनात, म्हणून ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. पुढच्या आठवड्यात समितीच्या नऊपैकी सात सभासद आजारी निघाले. हा योगायोग असल्याचा ठराव उरलेल्या दोघांनी एकमतानं मंजूर केला. ठकुबाईंच्या आजाराचं कारण शोधायला वेळ लागला नाही. इतिवृत्तात बावीस नोंदी तयारच होत्या : अन्नावर नाक आणणे.

सतरा दिवसांनी ठकुबाई घरी आल्या. वाळल्या होत्या, पण चुलीशी बसल्यावर ताठ झाल्या. मीही बरा होऊन दाखला घेऊन गेलो होतो, प्लास्टिकच्या पाकिटात, शिक्क्यासकट. दुसऱ्या दिवशी रविवारी खानावळ उघडायची होती. त्याआधी घरच्यांसाठी म्हणून त्यांनी मोठं पातेलं चढवलं. रस्सा उकळला. त्या वाकल्या, डोळे मिटले, श्वास घेतला.

मग पुन्हा वाकल्या. तिसऱ्यांदा इतक्या खाली, की नाक भाजलं असेल.

“मंगल,” त्या म्हणाल्या, “मसाला घालायचा ऱ्हायला का गं?”

“घातला की आत्याबाई. काळाभोर झालाय रस्सा.”

“मग मला का येईना?”

मंगलनं पळी उचलली. म्हणाली, “म्या चाकून बगू?”

“देवाच्या आदी? हात आवर.” त्यांनी मिठाच्या डब्यात हात घातला, चिमूट उचलली आणि तशीच धरून बसल्या. मला फार वाईट वाटलं. (हे इतिवृत्तात नाही. असली गोष्ट लिहायला आमच्या फॉर्मात रकाना नाही.) शेवटी त्यांनी अंदाजानं मीठ टाकलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, “हे परत येतं का वो, सायेब?” मी दाखला त्यांच्या हातात दिला आणि वर्षभरानं नूतनीकरण करावं लागेल, असं समजावून सांगितलं.

रविवारी खानावळ वाजतगाजत उघडली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस अटी पूर्ण. तुम्हीही आला होतात की, महाबळेश्वरला जाताना, सहकुटुंब. चिरंजीवांना दोन दिवसांची कणकण होती, पण पोरांना किती दिवस घरात कोंडून ठेवणार? दाखला पाहून तुमच्या जिवाला बरं वाटलं. मास्क हनुवटीला लावून पोटभर जेवलात, आणि गाडीत बसता बसता मोबाईलवर लिहिलंत : “सुरक्षितता उत्तम. पण रस्सा खारट. म्हातारीचं आता कामात लक्ष नाही.” पाचपैकी एक तारा. मंगलनं ते ठकुबाईंना अजून वाचून दाखवलेलं नाही. मला दाखवलं. तुमचं नाव वर स्पष्ट आहे, फोटोसुद्धा आहे.