डोळ्याखालचं सगळं

सुलूताई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे पुण्याला गेल्या आणि भोरच्या घरात रघुवीरराव, बावीस कुंड्या आणि एक पिंप एवढेच मागे राहिले. कुंड्यांबद्दल सुलूताईंनी जाताना अवाक्षर काढलं नव्हतं. त्या जगल्या तर जगल्या. सगळा जीव होता तो अंगणातल्या कट्ट्यावर ठेवलेल्या अर्ध्या पिंपातल्या गुलाबात.

तो गुलाब रत्नाचा. रत्ना म्हणजे सुलूताईंची किकवीची धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि पाठोपाठ तिचं परसही रस्ता रुंद होताना गेलं. त्याच्या जरा आधी सुलूताईंनी तिच्या गुलाबाची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती आणि उत्रोलीच्या कोंडिबा माळ्याकडून पिंपात जगवून घेतली होती. पहिलं फिकट गुलाबी फूल आलं तेव्हा सुलूताई कट्ट्यापाशी जाऊन नुसत्या "आलीस का गं?" म्हणाल्या होत्या. रघुवीररावांनी तेव्हा वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं होतं, कारण बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं की त्यांना काय करावं ते कधीच सुचत नसे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सुलूताईंचा फोन आला.

"अहो, नीट ऐका. दसरा झाला, छाटणीचे दिवस आलेत आणि माझ्या लक्षातूनच गेलं. रत्नाच्या गुलाबाचं डोळ्याच्या खालचं सगळं छाटून टाका."

"सगळं?"

"सगळं. एक फांदी ठेवू नका, नाहीतर झाड हातचं जाईल. बरं ठेवते, नर्स बोलावतेय."

रघुवीररावांनी छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली होती. आदेश आला की आधी तो लिहून घ्यायचा, ही त्यांची शिस्त. त्यांनी कॅलेंडरवर लिहिलं, 'गुलाब. डोळ्याखालील सर्व छाटणे. तातडीचे.' मग कात्री घेऊन ते पिंपासमोर ताठ उभे राहिले.

भाषा स्पष्ट होती, अर्थ स्पष्ट होता. मुद्दा एकच राहत होता, डोळा कोणाचा? सुलूताई त्यांच्यापेक्षा वीतभर बुटक्या. बायकोच्या डोळ्याखालचं म्हणावं तर फार कमी छाटलं जाणार. पण आदेश ज्याला दिला त्याचाच डोळा धरायचा, असं त्यांनी ठरवलं. चष्मा नाकावर नीट बसवला, नाकासमोर सरळ पाहिलं आणि डोळ्याच्या पातळीला पिंपामागच्या खिडकीच्या गजावर खडूने एक रेघ मारली. काम कसं पुराव्यानिशी हवं.

रेघेच्या वर एकच लांबलचक सोट गेला होता, हिरवागार, तरतरीत. बाकी सगळा पसारा रेघेच्या खाली. त्यात चार जाड फांद्या होत्या आणि एकीवर टपोरी कळी होती. कळी पाहून रघुवीररावांचा हात क्षणभर थांबला. पण 'एक फांदी ठेवू नका' हे शब्द कानात होते. त्यांनी कळी देवापुढे ठेवायला तेवढी खुडून घेतली आणि चारही फांद्या बुडख्यापासून साफ केल्या. बुडाशी एक ओबडधोबड गाठ होती, ती दिसायला वाईट म्हणून तीही तासून टाकली. भांडी घासायला आलेल्या बनाबाईने विचारलं, "काका, ह्या काड्या नेऊ का? माझ्या शेळीला गुलाब लई आवडतो." रघुवीररावांनी मोठ्या मनाने सगळा भारा तिला दिला.

संध्याकाळी लेकीचा, शुभ्राचा फोन आला. ऑपरेशन उत्तम झालं होतं. "आईला वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. आणि बाबा, महिनाभर तिला अजिबात रडू द्यायचं नाही म्हणालेत डॉक्टर. डोळ्यावर ताण नको."

"इथली काही काळजी करू नको म्हणावं," रघुवीरराव म्हणाले. "तिचं काम फत्ते झालंय."

दोन दिवसांनी कोंडिबा खत घालायला आला. पिंपापाशी गेला आणि उकिडवाच बसला.

"काका, ह्ये कुणी क्येलं?"

"मी केलं. डोळ्याखालचं सगळं छाटलं."

"आवं, डोळ्याखालचं कुठं? डोळाच काढलाय की तुमी!"

मग कोंडिबाने त्यांना समजावलं. काडीवर पान फुटायची जी बारीक टिकली असते, तिला माळी डोळा म्हणतात. रत्नाताईंच्या काडीचा डोळा काढून त्याने जंगली गुलाबाच्या खोडात भरला होता. भरला तिथे गाठ धरते. गाठीच्या वर येतं ते रत्नाताईंचं, खालून फुटतं ते जंगली. जंगली वाढू दिलं तर सगळा जोर तेच खातं, म्हणून डोळ्याखालचं छाटायचं.

"आन् तुमी रत्नाताईस्नी छाटलं आन् जंगली ठिवलं," कोंडिबा म्हणाला. "वर खिडकीवर रेघबी वडलीया."

रघुवीरराव कट्ट्यावर बसले. छत्तीस वर्षांत त्यांनी एकाही आदेशाचा अर्थ कोणाला विचारला नव्हता आणि त्याचाच त्यांना अभिमान होता. आज मात्र 'म्हणजे काय गं?' एवढं एक वाक्य विचारलं असतं तर काय बिघडलं असतं, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काड्या कुठं हाईत?" कोंडिबाने विचारलं. "चार बोटं काडी गावली तरी नवा डोळा भरतो म्या."

बनाबाईही उत्रोलीचीच. दोघं कोंडिबाच्या मोटरसायकलवरून तिकडे गेले. बनाबाईच्या दारात शेळी रवंथ करत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर पूर्ण समाधान होतं. "काट्यासकट खाल्लं की वो," बनाबाई कौतुकाने म्हणाली. "एक काडी मागं ठिवली न्हाई."

उरली होती ती देवापुढची कळी. तिच्या बोटभर देठावर कोंडिबाला एक किरकोळ डोळा सापडला. त्याने त्या जंगली सोटाला चीर दिली, डोळा आत बसवला, वर प्लास्टिकची पट्टी बांधली. "पंधरा दिस बघायचं. हिरवा ऱ्हायला तर ऱ्हायला."

तेव्हापासून रघुवीरराव दर तासाला अंगणात जात होते. पुण्याहून फोन आला की "गुलाब कसा आहे?" हा प्रश्न ठरलेला. "छान आहे" हे उत्तरही ठरलेलं. खरं सांगावं तर ती रडणार, रडली तर डोळा बिघडणार. बायकोचा डोळा सांभाळायचा म्हणून बायकोशी खोटं बोलायचं, असल्या पेचात ते जन्मात सापडले नव्हते.

बाराव्या दिवशी ते शुभ्राशी बोलत असतानाच पिंपापाशी पट्टी सोडून बघणारा कोंडिबा ओरडला, "काका, डोळा गेला! पार काळा पडलाय, आता काय न्हाई त्यात!"

ते फोनमध्ये शुभ्रालाही ऐकू गेलं.

"बाबा, तुमच्या डोळ्याला काय झालं?"

"माझ्या? कुठे काय?"

"मग काळा कोणाचा पडलाय? बाबा, खरं सांगा."

गुलाबाचा म्हणावं तर सगळंच बाहेर आलं असतं. "माझाच," रघुवीरराव म्हणाले. "म्हणजे जरासा काटा लागला. काही विशेष नाही."

"व्हिडिओ लावा."

"लावतो. दोनच मिनिटं थांब."

त्या दोन मिनिटांत त्यांनी डाव्या डोळ्यावर कापसाचा बोळा ठेवला आणि कोंडिबाने गुलाबासाठी आणलेल्या पट्टीने तो बांधला. व्हिडिओ लागला. मागून सुलूताईंचा आवाज आला, "अगं बाई, हे काय करून घेतलंत?" आणि पुढे, "शुभ्रा, उद्याच्या उद्या मला भोरला सोड. एक डोळा माझा तसा, एक यांचा असा. त्यांच्याकडे बघणार कोण?"

महिन्याने यायच्या त्या सुलूताई उद्यावर आल्या. रघुवीरराव त्याच पावली एसटीने कापूरहोळच्या बाजूच्या नर्सरीत गेले. तिथे पन्नास गुलाब पाहिले, पानं मोजली, काटे तपासले, पाकळ्यांना आपल्या मोबाईलमधला जुना फोटो लावून पाहिला. शेवटी तसल्याच फिकट गुलाबी फुलांचं एक रोप त्यांनी मांडीवर घेऊन आणलं. जंगली सोट कापला आणि रोप पिंपात पुढच्या बाजूला असं दाबलं की मागचं खोड झाकून जावं. गजावरची रेघ पुसली. डोळ्याची पट्टी पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावलेल्या सुलूताई गाडीतून उतरल्या. आधी नवऱ्याची पट्टी पाहिली, "फार दुखतंय का हो?" म्हणून त्याच्या गालावरून हात फिरवला. तेव्हा रघुवीररावांना वाटलं, खरंच काटा लागला असता तर बरं झालं असतं. शुभ्रा चहा टाकायला आत गेली आणि सुलूताई सरळ कट्ट्याकडे वळल्या.

"रंग जरा निराळा वाटतोय."

"नवीन डोळ्याला रंग निराळेच दिसतात. शुभ्रा म्हणाली नव्हती का?"

"हो, म्हणाली खरी. पानंही मोठी दिसतायत."

"भिंग नवं आहे ना आतलं."

सुलूताईंनी मान डोलावली. रघुवीररावांचा जीव भांड्यात पडला. मग सुलूताईंनी फुलाखाली हात धरला, न वाकता तोंडाजवळ आणलं आणि पुन्हा पुन्हा हुंगून पाहिलं.

रत्नाच्या गुलाबाला वास होता. दारातून आत आलं की आधी तो यायचा. नर्सरीत रघुवीररावांनी रंग पाहिला, पानं पाहिली, काटे पाहिले. वास घ्यायचं काही त्यांना सुचलं नव्हतं.

"अहो," सुलूताई हळूच म्हणाल्या, "ऑपरेशन डोळ्याचं झालंय. नाकाचं नाही."

रघुवीररावांनी पट्टी सोडली. खालचा डोळा ठणठणीत होता, फक्त आता त्यातून पाणी वाहत होतं. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेळी सांगितली, कळी सांगितली, खडूची रेघसुद्धा सांगितली. रेघेपाशी सुलूताईंना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन तिथेच विरलं.

"मी रडत नाही," त्या म्हणाल्या. "रत्नाचा डोळा कुठे भरला होता, तेवढं मला दाखवा."

रघुवीररावांनी नव्या रोपाच्या फांद्या बाजूला केल्या, बायकोचं बोट हातात धरलं आणि मागच्या तासलेल्या खोडावर नेमकं त्या जागी टेकवलं. इंचभरही चुकलं नाही.

"इथे."

"म्हणजे तुम्हाला कळतं की डोळा कुठे असतो."

"आता कळतं," रघुवीरराव म्हणाले.