काचेरे वृक्षाच्या कामचुकारपणाची चौकशी

“आधी सावलीत या, मग बोला! उन्हातला निकाल मी मानत नाही.” थोरल्या गावप्रमुखांचा हा आवाज लहानपणापासून माझ्या कानात आहे. ते गेले, त्यांचे भाचे चिंबालांगा प्रमुख झाले (आमच्याकडे गादी भाच्याला मिळते, अकलेबद्दल नियम नाही). पण मुलांजे डोंगराखालच्या आमच्या गावात न्याय काचेरेच्या थोरल्या, वडासारख्या पसरलेल्या झाडाखालीच होत राहिला.

सारी सजीवसृष्टी उन्हावर जगते. पान ऊन पितं, हवापाण्यातून गोड अन्न रांधतं. पान शेळी खाते, शेळी प्रमुख खातात. ऊन न पिता, काही न रांधता सर्वांत वर बसण्याची अवघड जबाबदारी त्यांच्यावर आहे.

त्याच जाणिवेनं त्यांनी काचेरेची चौकशी केली. निष्पन्न झालं ते असं : पानं शंभरातला जेमतेम एक भाग ऊन कामी लावतात. हिरवा उजेड बराचसा न वापरता परत धाडतात. रात्रपाळी करत नाहीत. पोटापाण्यासाठी कुणापुढे हात पसरत नाहीत (हा शुद्ध उद्धटपणा). उन्हावर वीज करणारी सौरपट्टी मात्र शंभरातले वीस भाग कामी लावते.

“आणि सावली रे बाबा?” झिओने आजींनी विचारलं. त्यांचं मक्याचं शेत प्रमुखांच्या भाच्यानं बळकावलं होतं. निकाल पुढच्याच सभेत होता.

“आजी, सावली म्हणजे उन्हाची गैरहजेरी. गैरहजेरीचं कसलं कौतुक?” प्रमुख म्हणाले.

आम्ही हसलो. झाड तोडून तिथं सौरपट्टी बसवायचा ठराव काचेरेखालीच, गार वाऱ्यात, एकमतानं मंजूर झाला.

झाड पडलं. पट्टी आली. तिच्या विजेवर प्रमुखांच्या घरी पंखा फिरतो. त्यांना फार उकडतं हल्ली.

पुढच्या सभेत आजी भर उन्हात उभ्या राहिल्या. “माझ्या शेताचं काय ते बोल.”

प्रमुखांचे डोळे पाणावले. “मामांचा नियम मोडू कसा, आजी? सावलीच नाही. नवं झाड लावायचं तर ठराव हवा, ठरावाला सावली हवी!”

पलीकडे आजींच्या शेतात मक्याची पानं मुकाट ऊन पीत होती, भाच्याची कणसं भरत होती.

परतताना मी म्हटलं, “आजी, झाड उभं होतं तेव्हाच बोलायचंत ना!”

“मला तेव्हाच कळलं होतं, ते झाड नाही, माझा निकाल तोडतायत,” आजी म्हणाल्या. “पण म्हटलं, एवढी माणसं सावलीला बसलीत. पानांइतकं तरी जमेल. शंभरात एक तरी बोलेल.”