दहाला एक कथील

डबीरकाका पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आले, तेव्हा त्यांनी ताटातला चमचा उचलला आणि त्यावर अंगठ्याचं नख जोर लावून ओढलं. मी समोरच वाढत होते. "चरा पडत नाही. चांगला आहे," असं म्हणून त्यांनी त्याच चमच्याने वरण घेतलं. तेव्हापासून अमेरिकेत, हर्नडनमधल्या आमच्या मराठी घोळक्यात कुणीही काही नवीन आणलं, की ते आधी काकांच्या नखाखालून जातं. आमच्या गाडीचा बंपरही त्यातून सुटलेला नाही.

काका पुण्यातल्या एका ओतकामाच्या कारखान्यातून निवृत्त झाले. काकू गेल्या आणि मुलीने, मीनलने, त्यांना इथे आणलं. इतर आजोबा इथे आले की मॉलमध्ये फेऱ्या मारतात. काकांनी गॅरेजमध्ये शेगडी मांडली आणि बंदुकीच्या गोळ्या ओतायला घेतल्या. माणूस इतका शाकाहारी, की केकमध्ये अंडं आहे का हे तीनदा विचारतो. बंदूक तर त्यांनी आयुष्यात हातात धरलेली नाही.

त्यांचा जीव अडकला आहे तो दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांत. "अगं, ठासणीची बंदूक! पुढून दारू ठासायची, तिच्यावर शिशाची गोळी. समोर ससा असेल तर ठीक. हत्ती आला की?" इथे काका डाव्या हाताचा हत्ती करतात आणि त्यावर उजवी मूठ आपटतात. "नुसतं शिसं म्हणजे लोणी! कातडीवरच चपटं. हत्तीला वाटणार, कुणीतरी गुदगुल्या केल्या. म्हणून शिशात कथील घालून ते कडक करायचं. काही शहाणे पारा घालायचे. त्याची वाफ नाकात गेली, की हत्तीच्या आधी शिकारीच आडवा!"

प्रश्न एवढाच, की कथील घालायचं किती? एक जुना शिकारी लिहून गेला दहाला एक, दुसरा म्हणतो वीसला एक. ते दोघं केव्हाच गेले, पण त्यांचं भांडण काकांनी अंगावर घेतलं आहे. मीनल पुण्याहून परतते तेव्हा चकलीच्या डब्याखाली कथलाच्या पट्ट्या असतात. भांड्यांना कल्हई करतात, तेच कथील. "बाबा, एअरपोर्टवर बॅग ओपन केली ना, तर मी काय एक्सप्लेन करू?" असं ती दर खेपेला विचारते. "कल्हई सांग," काका म्हणतात.

गोळ्या झाडून बघायला माणूस हवा होता, तो शेजारीच मिळाला. वॉल्टर, वय अठ्ठ्याहत्तर, ठासणीची बंदूक घेऊन दर वर्षी हरणांमागे जाणारा. शनिवारी सकाळी तो 'प्रोफेसर!' अशी हाक मारत काकांच्या गॅरेजमध्ये येतो. नेमबाजीच्या मैदानावर झाडलेल्या, मातीच्या बांधातून उकरून काढलेल्या गोळ्या काकांपुढे ठेवतो आणि नव्या घेऊन जातो. काका एकेक गोळी किती चपटी झाली ते मोजपट्टीने मोजून वहीत उतरवतात. मग दोघं चहा पितात. काकांचं इंग्रजी कारखान्यातलं, वॉल्टरचं व्हर्जिनियाच्या डोंगरातलं. कुणाचं कुणाला किती कळतं देव जाणे, पण दोन तास मजेत जातात. बाकीचा आठवडा काका शनिवारची वाट बघण्यात काढतात, असं मीनल म्हणते.

परवा गुरुवारी मी चालायला निघाले होते. वॉल्टरच्या गॅरेजचं दार अर्धवट उघडं होतं. आत तो फरशीवर बसून काकांच्या गोळ्या हातोडीने ठेचत होता. हात इतका थरथरत होता, की चारातला एखादाच घाव नीट बसायचा. मला पाहून तो ओशाळला. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून हात असे झाले, बंदूक विकून टाकली, असं त्याने सांगितलं. "प्लीज, प्रोफेसरला सांगू नकोस. मग मी त्याच्याकडे काय घेऊन जाऊ?"

माझ्या पोटात काही राहत नाही, हा माझा जुना रोग. त्यातून काकांच्या जिवापाड जपलेल्या वहीत सगळं खोटं उतरत होतं. शनिवारी वॉल्टर यायच्या आधीच मी गॅरेज गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

काकांनी साचा खाली ठेवला आणि एक ठेचलेली गोळी माझ्या तळहातावर दिली.

"मातीत शिरलेली गोळी एका बाजूने चपटी होते. ही बघ, दोन्ही बाजूंनी. इकडून हातोडी, तिकडून फरशी. चाळीस वर्षं धातूच बघत आलोय मी. मला नाताळातच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की तो यायचा बंद होईल. मग शनिवारी मी काय करू गं?"

माझ्याकडे खरंच उत्तर असेल, अशा आशेने त्यांनी विचारलं. मी साच्यातून काढलेली, गार झालेली एक गोळी उचलली आणि काकांच्याच सवयीने तिच्यावर नख ओढलं. नख खोल रुतलं.

"काका, यात कथील घालायला विसरलात!"

"विसरलो नाही. हल्ली घालतच नाही." त्यांनी दाराकडे बघत आवाज खाली आणला. "कथील घातलं की त्याला फार ठोकावं लागतं. हात दुखतो त्याचा."

बाहेर वॉल्टरची पावलं वाजली. काकांनी घाईघाईने वही उघडली, आजच्या तारखेपुढे 'कथील: दहाला एक' असं लिहिलं आणि चहाची किटली लावायला उठले.