नामदेव मिस्त्रीने पूर्ण दुरुस्त केलेली गाडी

नामदेव मिस्त्रीने मला फसवलं. चार वर्षांची ओळख असताना, माझ्या डोळ्यांदेखत, त्याने माझी गाडी पूर्ण दुरुस्त करून दिली.

यात फसवणूक कुठे आली, असं ज्याला वाटेल त्याने शेवटपर्यंत वाचावं. मी किन्हवलीत पत्रे, पाइप आणि नळांचं दुकान चालवतो. वडिलांनी मागे काही ठेवलं नाही. जे आहे ते मी घसा कोरडा करून, एकेका गिऱ्हाइकाशी आणि एकेका व्यापाऱ्याशी भांडून मिळवलं आहे. मी साधा नारळसुद्धा घासाघीस केल्याशिवाय उचलत नाही. त्यामुळे कोण कुणाला फसवतो, हे मला कुणी शिकवायला नको.

गाडी म्हणजे घरगाडी. जुन्या डिझेल टेम्पोवर मुंबईच्या एका हौशी माणसाने ती बांधून घेतली होती. आत दोघांपुरता घडीचा पलंग, एका शेगडीचा ओटा, ताटलीएवढं बेसिन, खाली पाण्याची टाकी, दिव्यांसाठी वेगळी बॅटरी आणि छताला हवेसाठी एक झडप. दोन पावसाळ्यांत त्याची हौस फिटली आणि त्याने ती टोकावड्याच्या नामदेव मिस्त्रीला विकून टाकली. मुरबाडहून माळशेजला जाणाऱ्या रस्त्यालगत मिस्त्रीची पत्र्याची शेड आहे, मागे घर. तिथे चिंचेखाली ती उभी असलेली मी पाहिली. पडून असलेली वस्तू दिसली की तिचा भाव विचारल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

मी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि सतरा दोष काढले. फुगलेलं प्लायवूड, खिडकीचं कडक झालेलं रबर, गळकी झडप, बॅटरीच्या तारेवरचा हिरवा गंज. नामदेव विडी न पेटवता तोंडात धरून ऐकत होता.

"शेट, अठरावा राहिला," तो म्हणाला. "रेडिएटरात गवत हाय."

आणि त्याने खाली वाकून दाखवलं. या रस्त्यावर गवताने भरलेले ट्रक सारखे जातात. त्यांच्या मागे गाडी चालवली की काड्या आणि कुसळं उडून जाळीत बसतात आणि इंजिन तापतं. असा विकणारा मी पाहिला नव्हता. भाव पाडायचा तर समोर कुणीतरी अडून उभा राहावा लागतो. हा माणूस माझ्याच बाजूने बोलत होता. मी मागितलेल्या भावात त्याने गाडी दिली आणि माझा सगळा दिवस वाईट गेला.

त्याची अट एकच होती. "काम माझ्याकडंच आणायचं. दुसऱ्याचा पाना लावायचा नाय हिला."

माझं दुकान मंगळवारी बंद असतं. मी मंगळवार कबूल केला.

नामदेवचं वय तेव्हा सत्तरीला टेकलेलं. उंच, वाकलेला, हातावर ग्रीस इतकं मुरलेलं की तो त्याचा मूळचाच रंग वाटावा. गाडीत चढण्याआधी तो चपला काढी. "चूल हाय आत. तुमी चुलीपुढं चपला घालून जाता काय?" गाडीला तो 'बाय' म्हणे. बाय आजारी नसे, ती रुसलेली असे, दमलेली असे, नाहीतर तिच्या पोटात काहीतरी असे. दाराशी त्याने चार बोटं उंचीचा सागाचा उंबरा बसवला होता, कारण उंबऱ्याशिवाय घर नसतं. त्या उंबऱ्याला मी चार वर्षं ठेचाळलो आहे. एकदा मी तो काढून टाका म्हणून ओरडलो, तेव्हा तो म्हणाला, "नाय निघायचा. माझ्या सैंपाकघराचा हाय. यमुनेनं पंचवीस वरसं वलांडला." यमुना ही त्याची बायको. ती वारली, त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. मी उंबऱ्याचा विषय सोडला, पण ठेचाळायचा थांबलो नाही.

त्याच्याकडे हत्यारांत एक वेळूची काठी होती, दीड हात लांब. एक टोक इंजिनला, दुसरं कानाला. डोळे मिटून तो ऐके आणि मग कुठे पाना लावी. माझ्यासारख्याला हे सोंग वाटे. पण सोंगाने गाडी दुरुस्त होत नाही, आणि ती तर होत होती.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. गाडी सरळगाव सोडून टोकावड्याकडे निघाली की एका वळणावर बंद पडायची. दर वेळी तेच वळण. तिथे एक शेंदूर फासलेला दगड आहे. लोक म्हणाले, नारळ फोड. मी फोडला. हात जोडले, खोबरं वाटलं, चावी फिरवली, गाडी चालू! पुढच्या मंगळवारी पुन्हा बंद, पुन्हा नारळ, पुन्हा चालू. असे तीन नारळ झाल्यावर मी नामदेवला सांगितलं की गाडी ठीक आहे, तेवढी देवाची सोय ठेवावी लागते.

पुढच्या मंगळवारी तो सकाळीच किन्हवलीला आला आणि माझ्या गाडीत बसून त्या वळणापर्यंत निघाला. गाडी बंद पडली. मी पिशवीतून नारळ काढला. त्याने माझा हात धरला आणि डिझेलच्या टाकीचं झाकण सैल केलं. टाकीने फुस्स करून आत हवा ओढली.

"आता लावा चावी."

गाडी चालू झाली. टाकीला हवा यायची नळी मातीचं घर करणाऱ्या कुंभारमाशीने लिंपून टाकली होती. डिझेल खाली जाई, वर हवा येत नसे, आणि दहा-बारा मैलांवर इंजिनचा घास अडके. नारळ फोडण्यात जो वेळ जाई, तेवढ्यात हवा कशीबशी झिरपे. नामदेवने तारेने ती माती काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"देवाला नारळ द्या, पण टाकीला हवा द्या, शेट."

झडपेची गळती त्याने अशीच शोधली. मी गाडी घेण्याआधी तीन जणांनी वरून डांबर लावलं होतं तरी पाणी पलंगावरच यायचं. नामदेवने चुलीतली राख वस्त्रगाळ केली, आत सगळीकडे पसरली आणि मला वर बादलीने पाणी ओतायला लावलं. राखेत पहिला खळगा पडला तो झडपेखाली नव्हताच. तो पडला पुढच्या कोपऱ्यात, दिव्याच्या तारेखाली. पाणी तिथून शिरून पत्र्याच्या आतून चालत पलंगापर्यंत येत होतं. "पाणी जिथं रडतं तिथं दुखत नसतं," तो म्हणाला आणि राख झाडायला मला केरसुणी दिली.

आता त्याच्या खऱ्या खोडीकडे येतो. नामदेव काम कधी पूर्ण करत नसे.

दहा दोष असले की नऊ दुरुस्त करायचा, हात पुसायचा आणि म्हणायचा, "एक राहू दे."

कधी वायपर अर्ध्यावर अडायचा. कधी डावीकडे वळलं की कपाटाचं दार उघडून ताटल्या खाली यायच्या. कधी पाण्याचा पंप नळ बंद असतानाही मधूनच घुरघुरायचा. म्हणजे कुठल्यातरी जोडात हवा शिरत होती, आणि तो जोड कुठला हे त्याला ठाऊक असायचं. ब्रेक, स्टिअरिंग आणि गॅस, या तीन गोष्टी मात्र त्याने कधीच राहू दिल्या नाहीत.

"अहो, पाच मिनिटांचं काम आहे!" मी ओरडायचो.

"हाय ना."

"मग करा!"

"मंगळवारी."

"याला गिऱ्हाईक बांधून ठेवणं म्हणतात, मिस्त्री. मला धंदा शिकवू नका."

"राहिलेल्या कामाचे मी काय घेतो तुमच्याकडून?"

तो काही घेत नसे, हे खरं. उलट जेवायला घाली. मग तो मला त्याच्या बापाची गोष्ट सांगे. बाप भात कापताना खाचराच्या कोपऱ्यात एक चूड, म्हणजे मूठभर भात, न कापता उभा ठेवायचा. सगळं कापलं तर शेत आपल्याला विसरतं, म्हणायचा. "गाडीचं तसंच, शेट. सगळं काम झालं का बाय कशाला येईल इकडं?"

मी त्याला लबाड म्हणालो. एकदा तर रागाने पाना त्याच्या चिंचेला फेकून मारला आणि किन्हवलीपर्यंत शिव्या देत आलो. पुढच्या मंगळवारी वायपर घेऊन पुन्हा गेलो. दोन ताटं वाढलेली होती. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुका जवळा. त्याने पान्याचा विषयही काढला नाही. फक्त म्हणाला, "चिंचेला लागलंय. तिची माफी मागा."

आमच्या घरी बायको विचारायची, "गाडी फिरायला घेतली की मिस्त्रीकडे न्यायला?" आम्ही त्या गाडीतून माळशेजला एकदाच गेलो. टोकावड्याला मात्र मी दर मंगळवारी जात होतो.

गेल्या वर्षी नामदेवने नवीन सोंग काढलं. काठी कानाला लावायची सोडून तो ती दातांत धरू लागला. एक टोक इंजिनला, दुसरं दाढेत, डोळे मिटलेले. मी शहापूरच्या बाजारात ही नक्कल करून लोकांना हसवलं. चार माणसं जमली की मी लाटणं दातांत धरायचो. त्याला दोनदा हाक मारावी लागायची, तेव्हा मी समजलो, म्हातारा आता शेठ झाला, पहिल्या हाकेला ओ देत नाही.

मग तो मंगळवार आला. मी गाडी सकाळी लावली. त्याने दिवसभर काम केलं, जेवायलाही उशिरा बसला. वायपर काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. कपाटाला नवी कडी लागली. पंप नळ बंद करताच गप्प झाला. हॉर्न असा वाजला की चिंचेवरचे कावळे उडाले. मी वाट पाहत होतो. नामदेवने हात पुसले, गाडीच्या पत्र्यावरून एकदा तळवा फिरवला आणि घरात निघून गेला. 'एक राहू दे' म्हणालाच नाही.

मी जिंकलो असं समजून घरी आलो.

पुढचे पाच मंगळवार गाडीला काहीही झालं नाही. मी वळणावर मुद्दाम ती डावीकडे जोरात घातली, ताटल्या हलल्या नाहीत. मी दुकानात बसून राहिलो, बंद दुकानात. गिऱ्हाईक नसताना नळांची मांडणी बदलली. बायकोशी दोनदा भांडलो, तेही कुठल्याच भावावरून नाही. सहाव्या मंगळवारी मी गाडी काढली. सरळगावच्या पुढे एका ढाब्यासमोर थांबवली, पंपाच्या जोडावरची क्लिप स्वतःच्या हाताने सैल केली आणि टोकावडे गाठलं.

शेडला कुलूप होतं. नामदेव घराच्या ओट्यावर बसला होता. मी हॉर्न वाजवला. कावळे उडाले. त्याने मान वर केली नाही.

मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्याला दिसलो. तो उठला. "बाय बरी हाय?"

"नाही. पंप घुरघुरतोय."

"काय?"

"पंप!" मी ओरडलो. "पंप, मिस्त्री!"

तो माझ्या ओठांकडे बघत होता. मी इतकी वर्षं माणसांचे चेहरे वाचून धंदा केला, आणि हे मला वर्षभर दिसलं नव्हतं. कान गेले होते, म्हणून तो हाडांनी ऐकत होता. आता तेही संपलं होतं.

"शेड का बंद केलीत?" मी बोटाने कुलूप दाखवून विचारलं.

"ऐकू येत नाय तं काय काम करू?" तो नेहमीच्या आवाजात म्हणाला. "राहू दिलेलं आपल्या नजरंत पायजे, शेट. कुठं चाललंय ते ऐकू यायला पायजे. उद्या तेच वाढून तुमी घाटात अडकलात तं? म्हणून तुमचं सगळं करून टाकलं."

मग तो गाडीत आला. चपला काढल्या, उंबरा ओलांडला, काठी दातांत धरून पंपाला टेकवली आणि डोळे मिटले. पंपाचं बटण मी चालूच केलेलं नव्हतं. त्याला ते कळलं नाही.

"हां," तो म्हणाला. "बोलतोय."

त्याची बोटं पाइपवरून फिरत क्लिपपाशी आली आणि थांबली. स्क्रूच्या खाचेत माझ्या पेचकसाचे ताजे चरे होते. माझा हात मिस्त्रीचा नाही. त्याने ते चरे अंगठ्याने चाचपले आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"रस्ता खराब आहे," मी म्हणालो.

ते त्याने ओठांवरून नीट वाचलं. पेचकस घेतला आणि स्क्रू आवळू लागला. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि ओरडलो. इतक्या मोठ्याने, की रस्त्यावरचा एक गवताचा ट्रक हळू झाला.

"एक राहू दे!"

त्याने मान हलवली. नाही म्हणाला. स्क्रू शेवटपर्यंत आवळला, हात पुसले आणि घरात गेला. आतून भांड्यांचा आवाज आला. दारातून पाहिलं तर एकच ताट काढलेलं होतं. मग दुसरं काढल्याचा आवाज आला.

तर माझं म्हणणं असं आहे. नामदेव मिस्त्रीने मला गाडी विकली तेव्हा तिच्यात अठरा दोष होते आणि ते सगळे मी मोजून, बघून घेतले होते. त्यात मंगळवारचं जेवण धरलेलं होतं. आता त्याने मला न विचारता एक निर्दोष गाडी माझ्या गळ्यात मारली आहे, आणि वर स्वतः कानांत बोळे घातल्यासारखा ओट्यावर बसून आहे. असा व्यवहार मी माझ्या दुकानात खपवून घेतला नसता. पूर्ण दुरुस्त गाडी त्याच्याकडे कुणी मागितली होती? याचा जबाब त्याने मला द्यावा. मी दर मंगळवारी समोर येऊन उभा राहणार आहे, आणि तो देईपर्यंत हलणार नाही.