चाळिसावी चाल

आमच्या टिळकवाडीच्या भाजीबाजारात एक बाई दोन्ही हात पाठीमागे बांधून भाजी घेतात. वांग्यांच्या ढिगासमोर वाकतात, डोळे बारीक करतात, डावीकडून बघतात, उजवीकडून बघतात आणि मनाशी पक्कं ठरलं की मगच हात पुढे काढतात. ज्या वांग्याला बोट लागलं ते पिशवीत गेलंच पाहिजे, मग घरी गेल्यावर ते किडकं निघालं तरी चालेल.

"हात लावला की घ्यायचं," त्या सांगतात. "नियम हाय."

भाजीवाल्या बायकांना हे चांगलं ठाऊक आहे. काकतीहून येणारी शांता मुद्दाम एखादा जून दोडका त्यांच्या कोपराजवळ सरकवते.

"आक्का, लागला बघा हात."

"कोपर लागलाय. कोपर म्हंजे हात न्हवं."

"आमच्यात कोपर बी हातच की वं."

"तुमच्यात पटावरचा घोडा बी सरळ चालत असंल," असं म्हणत आक्का तो दोडका घेतात. शंका आली तर निकाल आपल्याविरुद्ध द्यायचा, हाही त्यांचाच नियम.

या उर्सुलाआक्का. जन्म जर्मनीतला, सासर निपाणीचं. तंबाखूच्या व्यापारातल्या जैन घरातला अजित पाटील ओतकाम शिकायला तिकडे गेला आणि येताना यांना घेऊन आला. त्याने बेळगावात कारखाना काढला आणि आमच्या गल्लीत घर बांधलं. सासूबाईंना कन्नड आणि निपाणीचं मराठी एवढंच येत होतं, म्हणून आक्का दोन्ही भाषा एकदमच शिकल्या आणि आजही एकाच वाक्यात वापरतात. निपाणीकडच्या बायकांसारखं 'मी जातो, मी येतो' म्हणतात. फोनवर ऐकणाऱ्याला वाटतं, कोणी वयस्कर पाटील बोलताहेत.

दिवस मावळायच्या आत जेवायचं ही सासरची रीत त्यांनी अशी उचलली, की जेवणाच्या टेबलावर बुद्धिबळाचं घड्याळ आणून ठेवलं. दोन तोंडांचं लाकडी घड्याळ, एक बाजू नवऱ्याची आणि एक त्यांची. अजित पेपर वाचत बसला की त्या त्याच्या बाजूचं बटण दाबायच्या. "वेळ तुमची चाललीय," एवढंच बोलायच्या. अजित मला म्हणायचा, "मास्तर, तीस वर्षांत एकदाबी मी वेळेत ताक पिऊन उठलो न्हाय."

हे सगळं ऐकून लोक हसतात, मीही हसत आलो. पण या बाई कोण होत्या हे गल्लीत फारसं कुणाला माहीत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी त्या आपल्या गावाच्या बुद्धिबळ संघातून पुरुषांबरोबर खेळत होत्या. पुढे बायकांच्या साखळी सामन्यांत पहिल्या पटावर, म्हणजे संघातल्या सर्वांत भक्कम खेळाडूच्या जागी, बसू लागल्या. दर रविवारी आगगाडीने परगावी जायचं, सहा-सहा तास बसायचं आणि रात्री परतायचं. दोनदा त्या देशाच्या संघातून खेळून आल्या. सत्ताविसाव्या वर्षी लग्न झालं आणि ते सगळं मागे राहिलं. इकडे मुलं झाली, सासूबाईंचं दुखणं झालं. मधल्या पंधरा वर्षांत पट उघडला तो फक्त मुलांच्या हट्टापायी.

मग त्या आमच्या मंडळात आल्या. मंडळाचा चिटणीस मी, स्पर्धांचा पंचही मीच, आणि शाळेत गणिताचा मास्तर.

मंडळाची स्मरणिका निघते आहे. जुन्या निकालांची वही माझ्याकडे असल्यामुळे मजकूर मीच द्यायचा आहे. त्या वहीत माझ्या अक्षरात एक ओळ आहे : 'उर्सुला पाटील, पराभव, वेळ संपली.' ती ओळ खोटी आहे. ती तशीच छापायला देण्याचं धैर्य मला झालं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

जिल्ह्याच्या संघाची निवड होती. पाच जण ठरले होते, सहावी जागा शेवटच्या डावावर होती. एका बाजूला आक्का, दुसऱ्या बाजूला कंग्राळीचा परशराम, माझा लाडका शिष्य. दोन तासांत चाळीस चाली करायच्या; वेळ संपली की घड्याळावरचं लाल निशाण पडतं, तोवर चाळीस झाल्या नसतील तर डाव हरला. आमच्या मंडळात घड्याळ लावून खेळायची ती पहिलीच वेळ. आक्कांच्या बाजूला एक उंट जास्त होता. त्यांनी हत्ती सरकवला, घड्याळ दाबलं, परशरामची चाल झाली, त्या पुढचा विचार करत बसल्या आणि त्यांचं निशाण पडलं.

परशराम म्हणाला, "सर, बाईंच्या एकूणचाळीसच झाल्यात. कागद बघा की."

"चाळीस," आक्का म्हणाल्या. "लिवलंय मी."

मी दोन्ही कागद घेतले. परशरामच्या कागदावर एकोणचाळीस चाली होत्या, आक्कांच्या कागदावर चाळीस. पंचाने अशा वेळी दोन्ही कागदांवरून डाव पुन्हा मांडून मोजायचा असतो. पण आक्कांनी चाली जर्मन अक्षरांत लिहिल्या होत्या. नियमाने ते चालतं. घोड्याला कुठलं अक्षर, हत्तीला कुठलं, मला काहीच कळेना. भोवती तीस-चाळीस माणसं उभी. त्यांच्यासमोर 'मला वाचता येत नाही' म्हणायचं माझ्या जिवावर आलं. मी कागद डोळ्यांसमोर धरला, वाचतोय असं दाखवत वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणालो, "आक्का, तुमची मोजणी चुकली आहे."

त्यांनी वाद घातला नाही. पंचाचा निर्णय शेवटचा, असं मानणाऱ्या त्या. सही केली, परशरामशी हात मिळवला आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी पट मांडला. कुठलं अक्षर कसं चालतं यावरून एकेक सोंगटी ओळखत गेलो. तास-दीड तास लागला. चाली चाळीसच होत्या. फरक आठव्या चालीत होता. तिथे दोघांनीही किल्लेकोट केला होता, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला कोपऱ्याजवळ सुरक्षित बसवलं होतं. आमच्याकडे जुन्या देशी पद्धतीत वाढलेले लोक त्याला चाल मानत नसत; राजाचं घर बांधलं म्हणायचे. त्यामुळे मंडळाच्या पोरांसाठी चाली लिहायचा कागद मी तयार केला, तेव्हा वर एक वेगळी चौकट काढली : 'किल्लेकोट झाला असल्यास येथे खूण करा.' परशरामने इमानदारीत चौकटीत दोन्ही खुणा केल्या होत्या आणि आठव्या ओळीत नववी चाल लिहिली होती. पोराने माझी शिकवण पाळली होती. चूक माझ्या चौकटीची होती.

निकाल तोवर पाठवला गेला होता. लोक म्हणत होते, "बरं झालं, आपला पोरगा संघात गेला." आज सांगू, उद्या सांगू असं करता करता ते सांगणं अवघड होत गेलं आणि मग अशक्यच झालं. आक्का पुन्हा कधी स्पर्धेत बसल्या नाहीत. अजित गेला, मुलं परदेशी गेली. रोज सकाळी फाटकाशी "काय मास्तर, बरं हाय न्हवं?" असं विचारायच्या आणि मी "बरं आहे" म्हणायचो.

गेल्या मंगळवारी दोन्ही कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. व्हरांड्यात बसून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, आधी स्वतःचा कागद वाचला, मग परशरामचा, मग ती चौकट.



"मला का न्हाय विचारलं तवा?" त्या म्हणाल्या. "मी वाचून दावलं असतं."

"लाज वाटली, आक्का."

"मला इथं आल्यावर काय बी येत न्हवतं. मीठ कशाला म्हणत्यात ते बी. मी सगळ्यास्नी विचारत होतो. भाजीवालीला, पोरांस्नी, तुमच्या बायकोला."

त्या आत गेल्या. मला वाटलं, आता येणार नाहीत. पण आल्या, हातात कोरा कागद आणि पेन होतं.

"निर्णय बदलला तर पंचानं लिवून द्यायचं असतं."

मी लिहिलं, चाळीस चाली वेळेत पूर्ण, पंचाचा निर्णय चुकीचा. सही केली. त्यांनी कागद वाचून घडी केली, पुन्हा उघडला, पुन्हा वाचला.

"मला वाटलं माझं डोकं गेलं," त्या सावकाश म्हणाल्या. "हरलो त्याचं काय न्हाय. हरतोच की माणूस. पण मोजायला चुकलो म्हंजे संपलं. म्हणून सोडलं खेळायचं. त्यानंतर गॅस बंद केला का, ते बी मी दोनदा जाऊन बघतो."

मी माझ्या चौकटीचा कागद उलटा ठेवला.

"बाबास्नी लिवलं हुतं मी तवा. त्यांनीच शिकवलं मला. लई कडक माणूस. सगळ्यास्नी हरवून घरी आलो तरी विसाव्या चालीत काय चुकलं तेवढंच सांगायचे. कधी बरं म्हटलं न्हाय. त्यांस्नी लिवलं, चाळीस समजून मी एकूणचाळीसवर थांबलो. त्यांचं उत्तर आलं, एकच ओळ. 'तू मोजायला चुकत नाहीस.'"

त्यांनी चष्मा काढला.

"मला राग आला. वाटलं, म्हातारा झाला, आता लेकीला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायला लागला. त्या पत्राचं उत्तर मी दिलं न्हाय. थंडीत ते गेले."

समोरच्या रस्त्यावरून शाळेची रिक्षा गेली. आक्कांनी माझ्या सहीचा कागद मांडीवर सपाट केला, घडीची रेघ अंगठ्याने दाबून काढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खोटं बोलत न्हवते की वं ते."