‘ला’चा ‘ले’

औषधांच्या त्या घाऊक पेढीला वर्षभर एकच दुखणं जडलं होतं, आणि गोदामातल्या एवढ्या औषधांपैकी एकही त्यावर लागू पडत नव्हतं. सर्व्हर दमला होता. दवाखान्याची मागणी नोंदवायला घेतली की पडद्यावर गोल चक्र फिरायला लागायचं, आणि ते थांबेपर्यंत रोगी बरा होऊन घरी जायचा.

शेवटी थोरल्यांनी सर्व्हरवाल्यांना वर बोलावलं. थोरले म्हणजे थोरले मालक. धाकटे म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ, धाकटे मालक. आणि सर्व्हरवाले म्हणजे पेढीतली सगळी यंत्रं एकट्यानं सांभाळणारे पन्नाशीचे गृहस्थ. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणालाच आठवत नव्हतं.

"नवा सर्व्हर घेऊ," थोरले म्हणाले. "पण प्रोसेसर कुठला, काम कसं करतो, पैसे वसूल होतील का, ते कागदावर द्या. आणि मागच्यासारखं नको. मागचा अहवाल वाचून माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. इंग्रजी शब्द नकोत, तक्ते नकोत. माणसाला कळेल असं लिहा."

सर्व्हरवाल्यांनी दोन प्रोसेसर पंधरा दिवसांच्या बोलीवर आणले. दोन्ही एकाच घराण्यातले. एकाला चौसष्ट कोअर, म्हणजे कामाला चौसष्ट हात. दुसऱ्याला चोवीसच, पण ते भारी चपळ. दोघांची नावं म्हणजे लांबलचक नंबर, आणि फरक जेमतेम एका आकड्याचा. असाच एक आकडा चुकून मागं भलताच माल येऊन पडला होता. म्हणून त्यांनी चौसष्टवाल्याला थोरला म्हणायला सुरुवात केली आणि चोवीसवाल्याला धाकटा. ही नावं पेढीत आधीच दोन माणसांनी अडवून ठेवलीत, हे त्यांच्या ध्यानात कसं आलं नाही, असं नंतर सगळ्यांनीच विचारलं. पण पंधरा दिवस पंख्यांच्या घरघरीत कोंडून घेतलेल्या माणसाच्या डोक्यातही पंखेच फिरत असतात.

अहवाल त्यांनी हातानं लिहिला. थोरले पडद्यावरचं वाचत नसत, आणि मालकांकडे जाणारा प्रत्येक कागद बाईंनी टाइप करायचा, असा नियम होता. बाई म्हणजे पेढीच्या टायपिस्ट. वीस वर्षांत त्यांनी एक वेलांटी चुकू दिली नव्हती. त्यांनी कागद हातात घेतला, पहिली ओळ वाचली, आणि तडक सर्व्हरच्या खोलीत फोन लावला.

"अहो, थोरल्यांबद्दल हे असं लिहायचं?"

"काय?" पंख्यांच्या आवाजात सर्व्हरवाले ओरडले. "खरं तेच लिहिलंय! पंधरा दिवस दोघांनाही पिट्टा पडेपर्यंत पळवून पाहिलंय मी!"

"आणि तेही एकेरीत?"

"बाई, एकेरी काय नि दुहेरी काय, तुम्हाला हवं ते करा! पण आज टेबलावर गेलं पाहिजे!"

बाईंनी फोन ठेवला. त्यांच्या मनात सर्व्हरवाल्यांबद्दल आदर दाटून आला. एवढा धीट माणूस इतकी वर्षं तळमजल्यावर बसून होता! पण धीट असला म्हणून मालकांना अरेतुरे? लोक ध चा मा करतात, बाईंनी नुसता ‘ला’चा ‘ले’ केला. मग पुढचं सगळं ओघानंच आलं.

‘थोरले लवकर तापतात. त्यांच्या डोक्यावर सतत पंखा लागतो. खातात फार. किरकोळ काम दिलं तर धाकटे ते चुटकीसरशी उरकतात, थोरल्यांना त्याच कामाला दुप्पट वेळ लागतो. धाकटे कमी जागेत मावतात आणि स्वस्तात पडतात. हे सगळं पाहता थोरल्यांना ठेवण्यात काय अर्थ आहे, असा प्रश्न कुणालाही पडेल.’

इथं कागद संपला. सर्व्हरवाले काटकसरी, त्यांनी उरलेलं पाठीमागे लिहिलं होतं. बाईंनी कागद उलटला नाही. हा प्रकार वाचून त्यांना दरदरून घाम फुटला होता. टाइप झालेलं पान त्यांनी थोरल्यांच्या टेबलावर ठेवलं आणि मागं न बघता खाली आल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलापासून पेढीभर कुजबुज सुरू झाली. दुपारी गोदामप्रमुखांनी सर्व्हरवाल्यांना जिन्यात गाठलं आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मानलं तुम्हाला! कुणीतरी बोलायलाच हवं होतं. थोरले फार तापतात हो."

"तापू द्या," सर्व्हरवाले हसून म्हणाले. "डोक्यावर मोठा पंखा बसवला की गार पडतील. मी आहे ना!"

आपल्या अहवालाची गोदामापर्यंत चर्चा झाली, ‘थोरले’ म्हणण्याइतका लोकांना प्रोसेसरबद्दल आदर वाटू लागला, याचंच त्यांना अप्रूप वाटलं. त्या दिवशी आणखी चौघांनी त्यांची पाठ थोपटली. वर मात्र थोरल्यांच्या खोलीचं दार दिवसभर बंद होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फलकावर सूचना लागली. सोमवारपासून सगळा कारभार धाकटे पाहतील, थोरले विश्रांती घेतील.

"हे काय मधेच?" सर्व्हरवाल्यांनी बाईंना विचारलं.

"मधेच कसं? तुमच्या अहवालाचं फळ."

"माझ्या? मी तर प्रोसेसर घ्या म्हणून लिहिलं होतं!"

बाईंनी टाइप केलेल्या पानाची प्रत पुढं केली. सर्व्हरवाले वाचू लागले आणि चौथ्या ओळीलाच मटकन खाली बसले. मग त्यांनी स्वतःचा हस्तलिखित कागद मागून घेतला, उलटा केला आणि बाईंपुढं धरला. बाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई! हे मागं होतं?"

सर्व्हरवाले कागद घेऊन जिना चढू लागले. प्रत्येक पायरीला त्यांना एकच गोष्ट आठवत होती. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या हातून आठवड्याच्या सगळ्या मागण्या पुसल्या गेल्या होत्या. धाकटे म्हणाले होते, "घालवा याला." थोरले आधी चांगले तासभर तापले होते. मग शेजारी खुर्ची ओढून बसले होते, आणि दोन दिवस एकेक चिठ्ठी वाचून दाखवत सगळ्या मागण्या पुन्हा भरून घेतल्या होत्या. त्याबद्दल सर्व्हरवाल्यांनी त्यांना कधी चार शब्द बोलून दाखवले नव्हते. लिहिले ते हे!

थोरले टेबलाचे खण रिकामे करत होते.

"साहेब, घोटाळा झाला! ते तुमच्याबद्दल नव्हतंच. थोरला म्हणजे प्रोसेसर! आणि निकाल या बाजूला आहे. ऐका." त्यांनी धापा टाकत वाचलं. "‘पण शंभर जणांनी एकदम हाक मारली की धाकटा बावचळतो. थोरला हूं की चूं करत नाही. हातातलं काम अर्धवट टाकत नाही. कितीही ओझं घाला, वाकत नाही. महाग वाटला तरी तोच पुरून उरेल. थोरल्याला पर्याय नाही.’"

थोरल्यांनी कागद घेतला, दोन्ही बाजू पाहिल्या, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. सर्व्हरवाल्यांच्या जिवात जीव आला.

"मग साहेब, ती सूचना काढू ना फलकावरून?"

थोरल्यांनी चष्मा पुसला. "राहू द्या."

"पण अहवाल तर..."

"अहवालाचं काय घेऊन बसलात? तो वाचून मी धाकट्याला म्हटलं, मी आता थांबतो. मला वाटलं, दादा, असं काय बोलतोस, म्हणेल." ते थोडा वेळ खणात काहीतरी शोधत राहिले. "त्यानं विचारलं, किल्ल्या कुठं असतात."

थोरल्यांनी खण बंद केला.

"सूचना लागून दोन तास झाले. वर तुम्ही पहिले आलात. तेही प्रोसेसरसाठी."

सर्व्हरवाल्यांना फार वाईट वाटलं. घोटाळा झाला नसता तर आपण वर आलो असतो का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि उत्तर मिळण्याआधीच मान खाली घातली.

थोरल्यांनी कागदावर मंजुरीची सही केली. ही त्यांची पेढीतली शेवटची सही. मग कागद परत सर्व्हरवाल्यांच्या हातात दिला आणि खुर्चीत मागं टेकले.

"ती मागची बाजू पुन्हा वाचा जरा. सावकाश."

"साहेब, पण ते प्रोसेसरचं..."

"कळलं मला. वाचा."

सर्व्हरवाले उभ्यानंच वाचू लागले. शेवटच्या ओळीत, मघाशी घाईत सोडून दिलेला प्रोसेसरचा लांबलचक नंबर आला, तिथं ते अडखळले.

"नंबर गाळा," थोरले डोळे मिटून म्हणाले. "बाकीचं सगळं वाचा."